भ्रंश म्हणजे रेषा नव्हे

खानदेशात कोठे जमीन थरथरली की दोन वाक्ये हमखास कानांवर येतात. ‘तापीची भ्रंशरेषा जागी झाली’ हे एक, आणि ‘लहान लहान धक्के बसून गेले ते बरेच झाले, आतला ताण मोकळा झाला’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने लोक घाबरतात, दुसऱ्याने निर्धास्त होतात. दोन्ही वाक्ये शिक्षकांच्या खोलीत बोलली जातात आणि तेथून वर्गात जातात. आमच्या मते ही दोन्ही वाक्ये एकाच सदोष आकृतीवर उभी आहेत, आणि ती आकृती प्रथम शाळेच्या फळ्यावरच काढली जाते. त्या आकृतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फळ्यावरची आकृती

आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. विटेसारखे दोन ठोकळे, त्यांच्यामध्ये पट्टीने ओढलेली तिरपी रेघ, एका ठोकळ्यावर वर जाणारा बाण आणि दुसऱ्यावर खाली जाणारा. खाली नाव लिहिलेले असते ‘प्रस्तरभंग’ किंवा ‘भ्रंश’. गटपर्वत आणि खचदरी शिकवण्यापुरती ही आकृती चांगली आहे. नर्मदा आणि तापी या नद्या पश्चिमेकडे का वाहतात, हे तिच्यावरून चटकन समजते. परंतु हीच आकृती भूकंपाच्या पाठात आली की तिच्यातून तीन गैरसमज निर्माण होतात. भ्रंश सरळ असतो, हा पहिला. तो एकटा आणि सलग असतो, हा दुसरा. नकाशावर जेथे रेघ आहे तेथेच भूकंप होणार, हा तिसरा.

या गैरसमजांना आपल्या भाषेतील एका रूढ शब्दाने बळ दिले आहे. तो शब्द म्हणजे ‘भ्रंशरेषा’. भ्रंश ही रेषा नाही. ते खडकात खोलवर गेलेले एक तल आहे. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर घासतात असा पृष्ठभाग आहे. हे तल जमिनीला जेथे छेदते तेथे आपल्याला रेषा दिसते, एवढेच. पोळीचा तुकडा ताटात उभा धरला तर वरून फक्त तिची कड दिसावी, तसा हा प्रकार आहे. नकाशावर येते ती कड. भूकंप होतो तो तलावर, आणि तोही पुष्कळदा कित्येक किलोमीटर खाली.

यातून निघणारे एक साधे गणित नववी-दहावीच्या मुलांना करता येईल. समजा, एक भ्रंश सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीवर दिसतो आणि तो जमिनीशी ६० अंशांचा कोन करून दक्षिणेकडे खाली उतरतो. त्याच्यावर ३५ किलोमीटर खोलीवर भूकंप झाला. ६० अंशांचे स्पर्शज्या गुणोत्तर १.७३ आहे. म्हणून भूकंपनाभीच्या नेमके वर असलेले ठिकाण, म्हणजे अपिकेंद्र, त्या रेघेपासून सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला येईल. पायथ्यावरून ते थेट तापीच्या मैदानात उतरेल. तोच भ्रंश उत्तरेकडे कललेला असेल तर अपिकेंद्र सातपुड्याच्या आत, तितकेच दूर जाईल. तेव्हा ‘भ्रंशरेषा आमच्या गावाखालून जाते की शेजारच्या?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. भ्रंश कोणत्या बाजूला, किती अंशांनी आणि किती खोलवर जातो, हे विचारले पाहिजे.

तीन भूकंप, तीन तऱ्हा

आकृतीचा दुसरा दोष असा की, भूकंप एकेकटे येत नाहीत, ते बहुधा घोळक्याने येतात, ही गोष्ट तिच्यातून सांगताच येत नाही. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतात आणि दिवसागणिक विरळ होत जातात, हा नियम जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ साली मांडला. तो आजही उपयोगी आहे. पण सर्वच भूकंप सारखाच घोळका बरोबर आणत नाहीत. आपल्या परिसरातील तीन उदाहरणे पाहावीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ महत्तेचा भूकंप झाला. (व्यवहारात आपण जिला ‘रिश्टर’ म्हणतो ती ही महत्ता.) तो उथळ होता. भ्रंशाचा फाटलेला भाग जमिनीपर्यंत पोचला आणि शेतात उंचवटा उठलेला दिसला. त्यानंतर कित्येक महिने पश्चात धक्के बसत राहिले. त्या आधी, १९९२ च्या ऑक्टोबरात, याच भागात लहान धक्क्यांची एक माळ येऊन गेली होती.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ महत्तेचा भूकंप झाला. नर्मदा-सोन पट्ट्यातील हा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, म्हणजे भूकवचाच्या तळाजवळ झाला. भूकंपानंतर अनेक संस्थांनी तेथे उपकरणे बसवली. पण पश्चात धक्के मोजकेच मिळाले.

कोयनेची तऱ्हा तिसरीच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे ६.३ महत्तेचा भूकंप झाला, परंतु धक्के १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागल्यानंतर सुरू झाले होते आणि ते आजतागायत थांबलेले नाहीत. हे सारे भूकंप साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब एवढ्या जागेत, बहुतांशी दहा किलोमीटरांच्या आतील खोलीवर होतात. वारणा धरण भरू लागल्यावर १९९३ पासून त्यांचा एक घोळका दक्षिणेला वारणेकडे सरकला.

एकाने वर्षभर आधी सूचना द्यावी आणि नंतरही धुमसत राहावे, दुसऱ्याने एकच तडाखा देऊन गप्प बसावे, तिसऱ्याने साठ वर्षे थांबूच नये. ठोकळे, रेघ आणि बाण यांच्या आकृतीत तिन्ही भ्रंश सारखेच दिसतात. याचा अर्थ, ज्या गोष्टीमुळे ते वेगळे वागतात ती गोष्ट आकृतीत नाही. खडकातील पाणी, तापमान, ताणाची दिशा अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे भ्रंशतलाचा आकार.

आकार काय करतो?

टेबलाचा जुना खण ओढून पाहावा. कडा सरळ असतील तर तो सहज सरकतो. लाकूड एके ठिकाणी फुगलेले असेल तर तेथे अडतो. आपण जोर वाढवत जातो, आणि मग तो एकदम धाडकन बाहेर येतो. भ्रंशाचेही असेच आहे. तल जेथे वाकते, जेथे एक तल संपून काही अंतरावर समांतर दुसरे सुरू होते, किंवा जेथे दोन तले एकमेकांना छेदतात, तेथे सरकणारे खडक अडतात.

वाकणेही दोन प्रकारचे असते. एका प्रकारात सरकताना दोन बाजू एकमेकींवर दाबल्या जातात. तेथे भ्रंश कुलूपबंद होतो आणि ताण साचतो. दुसऱ्यात बाजू एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. तेथे खडक भेगाळतो, पाण्याला वाट मिळते आणि लहान लहान धक्क्यांना अनुकूल परिस्थिती निर्माण होते. भूकंप अनेकदा अशा वाकणांपाशी सुरू होतो किंवा तेथे येऊन थांबतो, हे जेफ्री किंग व जॉन नाबेलेक यांनी १९८५ साली ‘सायन्स’ मध्ये दाखवले. स्टीव्हन वेस्नौस्की यांनी २००६ साली ‘नेचर’ मध्ये जमिनीवर दिसलेल्या फाटींचे मोजमाप मांडले. त्यानुसार दोन तलांमधील अंतर तीन-चार किलोमीटरांहून अधिक असेल तर फाट सहसा ती उडी मारू शकत नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, एका वेळी किती मोठा भूकंप होईल याला आकार मर्यादा घालतो. सहा महत्तेच्या भूकंपासाठी साधारण दहा किलोमीटर लांबीचा तुकडा फाटावा लागतो, चार महत्तेच्या भूकंपाला एखादा किलोमीटरही पुरतो. तुकड्या-तुकड्यांचा भ्रंश लहान धक्क्यांची माळ देईल, लांब सलग तल मोठा धक्का देऊ शकेल. दुसरी, फाट जेथे थांबते तेथील टोकांवर ताण वाढतो. आजूबाजूला छोट्या भ्रंशांचे जाळे असेल तर तो ताण त्यांना एकामागून एक सरकवतो. हाच पश्चात धक्क्यांचा घोळका. कोयना-वारणा भागात वेगवेगळ्या दिशांचे भ्रंश एकमेकांना छेदतात, आणि तेथील धक्क्यांचे पुंजके याच चौकटीत समजून घेतले जातात. उलट जबलपूरच्या खोलीवर वरचा दाब प्रचंड असतो. तेथे फाटलेला तुकडा एकटा, आसपास सरकण्याजोगे जाळे नसलेला असावा, असे मानले तर पश्चात धक्क्यांची वाण समजू शकते.

हा सिद्धान्तही तपासावा

आता टीकेची दुसरी बाजू. सरळ रेघेच्या जागी वाकडी रेघ काढली की सारे समजले, असे मानणेही तितकेच चुकीचे आहे. २०२४ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ मध्ये कॅलिफोर्नियातील भ्रंशांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भ्रंशांची रचना जेथे साधी व सरळ आहे तेथे ते हळूहळू, गाजावाजा न करता सरकतात. जेथे ती गुंतागुंतीची आहे तेथे अडतात आणि भूकंप घडवतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विचार महत्त्वाचा आहे. परंतु तो ज्या प्रदेशावर आधारलेला आहे तेथे भ्रंश उघडे आहेत, दोन भूपट्टांच्या सीमेवर आहेत, त्यांचे तपशीलवार नकाशे आहेत आणि भूकंपमापकांचे दाट जाळे आहे.

शिवाय असे नकाशे जमिनीवरील कडेचे असतात. वर गुंतागुंत दिसली म्हणून खालीही तशीच असेल असे नाही, आणि वर सरळ दिसणारा भ्रंश खाली वाकलेला असू शकतो. कार्यकारणाचाही प्रश्न आहे. भूकंपाच्या बिंदूंवरून भ्रंशाचा आकार काढायचा आणि मग त्याच आकाराने त्या बिंदूंचा खुलासा करायचा, असे केले तर आपण गोल गोल फिरत राहू. आकाराचा पुरावा भूकंपांपासून स्वतंत्र मिळाला पाहिजे. कोयनेत तसा प्रयत्न झाला आहे. तेथे कृष्णप्रस्तर पार करून खालच्या ग्रॅनाइटी खडकात भोके घेण्यात आली. गोठणे येथील भोक २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल गेले.

खानदेशात काय ठाऊक आहे?

खानदेशची अडचण येथेच आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत चोपडा, यावल, रावेर भागात नदीने आणि डोंगरावरून आलेल्या ओढ्यांनी शेकडो फूट गाळ टाकला आहे. केळीच्या बागांना त्याचा लाभ झाला, पण त्याने भ्रंशाची कड झाकली. गाळाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, आणि खरे जुने भ्रंश त्याहूनही खालच्या खडकांत आहेत.

तरी काही खुणा दिसतात. चोपडा तालुक्यातील उनपदेव आणि शहादा तालुक्यातील उनपदेव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पाण्याला खोलवर जाऊन परत येण्याची वाट आहे, हे ते सांगतात. धुळे-नंदुरबार परिसरात शेतांतून आणि माळांवरून काळ्या कातळाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या आहेत. त्यांना ‘डाइक’ म्हणतात. शिलारस भेगांत शिरून थिजला, त्याच्या या भिंती. त्यांतील बहुसंख्य साधारण पूर्व-पश्चिम जातात. भूकवच कोणत्या दिशेने फाटत होते याची ही नोंदच आहे. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने स्फोटांच्या लहरी जमिनीत सोडून थुआदरा-सेंधवा-सिंदाड असा एक छेद घेतला होता, तो मध्य प्रदेशातून सातपुडा ओलांडून जळगाव जिल्ह्यात येतो. लाव्हाच्या थरांखाली गाळाचे जुने खडक दडलेले आहेत, हे त्यातून समजले. पण असा छेद मोठे थर दाखवतो. तीस किलोमीटर खोलीवरील भ्रंशाला एखाद्या किलोमीटरचे वाकण आहे की नाही, हे त्यात दिसणार नाही.

आणि भूकंपांची नोंद? या पट्ट्यातील सर्वांत महत्त्वाचा भूकंप १४ मार्च १९३८ चा, सुमारे ६.३ महत्तेचा. तो ‘सातपुड्याचा भूकंप’ म्हणून ओळखला जातो आणि त्याची खोली सुमारे ४० किलोमीटर मानली जाते. त्या काळी देशात मोजक्याच वेधशाळा होत्या. त्यामुळे सर्व सूचींत त्याचे अपिकेंद्र एकाच ठिकाणी सापडत नाही. तो तापीच्या उत्तरेकडील भ्रंशावर झाला की दुसऱ्या एखाद्यावर, हे नकाशावर पट्टी ठेवून ठरवता येणार नाही, कारण मघाचे २० किलोमीटरांचे गणित येथेही लागू आहे.

दोन वाक्यांकडे पुन्हा

आता सुरुवातीची दोन वाक्ये तपासू. ‘भ्रंशरेषा जागी झाली’ असे म्हणण्यासाठी धक्का कोणत्या तलावर, किती खोल झाला हे कळावे लागते. दूरच्या दोन-चार केंद्रांच्या नोंदींवरून, विशेषतः खोली, नीट कळत नाही. नकाशावरील जवळच्या रेघेला धक्का चिकटवणे हे शास्त्र नव्हे.

दुसरे वाक्य अधिक धोक्याचे आहे. महत्ता एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणून सहा महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला चार महत्तेचे सुमारे एक हजार भूकंप लागतील. आठ-दहा हादऱ्यांनी ताण मोकळा होत नाही. किल्लारीचे १९९२ चे धक्के थांबले, आणि पुढच्या सप्टेंबरात हजारो माणसे घरांखाली गेली. उलट पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हजारो लहान धक्के नोंदले गेले, पण त्यांतून किल्लारीसारखा मोठा भूकंप उद्भवला नाही. भातसा धरणाच्या परिसरातही १९८३ मध्ये अशीच माळ येऊन गेली. आणि जबलपूरचा अनुभव तर असा की एकच धक्का पुरेसा झाला. म्हणजे केवळ धक्के मोजून ‘आता मोठा येणार’ असेही म्हणता येत नाही आणि ‘आता धोका टळला’ असेही नाही. फरक कळण्यासाठी खालच्या तलाचा आकार ठाऊक हवा, आणि खानदेशात तो ठाऊक नाही.

वर्गात काय करावे?

आकृती फेकून देण्याची गरज नाही, ती पुरी करावी. गादीच्या स्पंजाचे दोन तुकडे घ्यावेत. एक जोडी सरळ कापावी, दुसरी मध्ये एक खोच ठेवून. कापलेल्या कडा एकमेकींना भिडवून तुकडे विरुद्ध दिशांना हळूहळू सरकवावेत. आधी पेनने कडेला काटकोनात रेघा मारून ठेवल्या असतील तर खोचेपाशी त्या कशा वाकतात आणि केव्हा एकदम सुटतात, हे मुलांना स्वतः पाहता येईल. सरळ कडेवर ते होत नाही.

दुसरा उपक्रम कागदावरचा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर खोली घेऊन किल्लारी, कोयना, जबलपूर आणि १९३८ चा सातपुडा हे चार भूकंप दाखवावेत. मग ६० आणि ४५ अंशांच्या तिरप्या रेघा ओढून त्या जमिनीला कोठे भेटतात ते मुलांनी मोजावे. नकाशावरील रेघेवरचा आंधळा विश्वास कमी व्हायला एवढी तासिका पुरते. आणि शिकवताना ‘भ्रंशरेषा’ ऐवजी ‘भ्रंशतल’ हा शब्द वापरावा. रेषा म्हणायचीच असेल तर ‘भ्रंशाची जमिनीवरील रेषा’ असे म्हणावे.

धोरणाचा मुद्दाही यातूनच निघतो. १९९३ पूर्वीच्या भूकंपविभागांच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते. त्या गावाचा घात झाला तो मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद यांमुळे. खानदेशातील जुनी धाब्याची घरे याच जातीची आहेत. २००२ च्या नकाशात खानदेशचा उत्तर भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवला आहे. भूकंपमापकांचे जाळे येथे दाट व्हायला हवे, ही मागणी रास्त आहे. पण भ्रंशतलाचा आकार कळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, धाब्यावरच्या मातीचे ओझे कमी करणे आणि वर्गातील कपाटे भिंतीला पक्की बांधणे, ही कामे भ्रंश सरळ असो वा वाकडा, उत्तरेकडे कललेला असो वा दक्षिणेकडे, सारखीच उपयोगी आहेत. धक्का बसल्यावर गावातले लोक शाळेत विचारायला येतात. त्यांना ‘रेषा जागी झाली’ किंवा ‘ताण निघून गेला’ यांपैकी कोणतेही उत्तर न देता, घराचे धाबे किती जड आहे ते आधी विचारावे.